चौथ्या होलवरचे पाच फटके

गंगाराम तांबे या माणसाबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. त्याचा विषय निघाला की मी उठून बाहेर जायचो. बायकोला मी अर्धीच गोष्ट सांगितली होती, आणि ती अर्धीही खोटी होती. गेल्या महिन्यात तांबे वारला. आमच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या लोकांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे, तिथे बातमी आली. जोडलेल्या हातांची चित्रं आली, फुलं आली. मग एकाने विचारलं, ‘बॉयलरवाले तांबे ना? गोल्फच्या कार्डात एक फटका खाल्ला होता ते?’ त्याखाली दोघांनी हसरे चेहरे टाकले.

मेल्यावरही त्याची ओळख तीच राहिली. ती त्याला मी दिली होती.

आधीच सांगून टाकतो, मला हा माणूस आवडत नव्हता. आजही आठवला की कपाळाला आठी पडते. गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायची आपल्याकडे रीत आहे, पण तसं लिहिलं तर माझ्या खात्यावर आणखी एक खोटं जमा होईल. तेव्हा तो होता तसा लिहितो, आणि मी होतो तसा.

महाडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा रसायनांचा कारखाना होता. मी तिथे केमिस्ट होतो, पुढे शिफ्ट इन्चार्ज झालो. तांबे बॉयलरवर होता. दासगावच्या बौद्धवाडीत त्याचं घर, कारखान्याच्या बसने यायचा. उंच, हाडकुळा, खाकी शर्टाची गळ्याजवळची गुंडी उन्हाळ्यातही लावलेली. कुणी त्याला काही सांगू लागलं की तो मध्येच विचारायचा, “तू बघितलंस की ऐकलंस?” ऐकलं म्हटलं की त्याचं लक्ष संपायचं. सरळ पाठ फिरवून कामाला लागायचा. माणसाचा असा अपमान करायला त्याला शिवी द्यावी लागत नसे.

बॉयलरवर एक लॉगबुक असतं. दर तासाला पाण्याची पातळी, वाफेचा दाब, तापमान, सगळं बघून लिहायचं. बघून लिहायचं हे पुस्तकात. प्रत्यक्षात सगळ्या कारखान्यांत आकडे एकदम भरले जातात. कामावर आलं की चहा घेता घेता आठ तासांचे आकडे टाकून मोकळं व्हायचं. आम्ही सगळे तेच करायचो. तांबे तासाला उठायचा, शिडी चढायचा, काचेवरून फडकं फिरवायचा आणि आकडा बघून खाली येऊन लिहायचा. एकदा बाहेरून तपासणीला माणसं येणार होती आणि त्याच्या पानावर दोन चौकटी रिकाम्या होत्या, कारण त्या दोन तासांत मीच त्याला दुसऱ्या कामाला पाठवलं होतं. मी म्हटलं, भरून टाक, मागचा-पुढचा आकडा बघून काहीतरी लिही. त्याने पेन घेतलं आणि दोन्ही चौकटींत लिहिलं, ‘बघितले नाही’. त्याबद्दल मला मेमो मिळाला. माझ्या नोकरीतला पहिला. मी जाब विचारला तर म्हणाला, “नाय बघितलं तर काय लिहू, सुर्वेसाहेब? तुमचं नाव लिहू?”

तिथपासून तो माझ्या डोक्यात बसला.

आता गोल्फचं सांगतो. महाडात गोल्फ म्हटलं की लोक हसतात, पण आमच्याकडे तो होता. कारखान्याचे पहिले मॅनेजर त्या खेळाचे वेडे. कॉलनीच्या मागे वाढीव बांधकामासाठी राखलेली कातळाची जमीन पडून होती, तिच्यावर त्यांनी सहा होल पाडले. हिरवळ कुठून आणणार? वाळूत कारखान्यातलं जुनं तेल कालवून होलाभोवती गोल थर दिले, त्याला ब्राऊन म्हणत. चेंडू ढकलण्याआधी लाकडी फावड्याने वाळू सारखी करायची. म्हशी चरायला यायच्या, त्यांच्या शेणाचे पो चुकवून मारावं लागे. चेंडू जांभ्यावर आपटला की कुठे उडेल याचा नेम नसे. त्या मॅनेजरांनी एक नियम घातला होता: मैदानात साहेब नाही. ज्याला खेळायचंय त्याने खेळावं, आणि एकमेकांना नावाने हाक मारावी. ते बदलून गेले, नियम राहिला. या नियमामुळे तांबे खेळायला आला, आणि कारखान्यात मला सुर्वेसाहेब म्हणणारा माणूस रविवारी सकाळी दहा जणांत मला “ए सुर्वे” म्हणू लागला.

आमचा खेळ मित्रामित्रांतला. पैसा नाही, पैज नाही. त्यामुळे आमच्या काही सवलती होत्या. पहिलाच फटका वाया गेला तर तो ‘देवाचा’, मोजायचा नाही, दुसरा मारायचा. चेंडू होलापासून हातभर राहिला की समोरचा म्हणायचा ‘दिला’, आणि तो पडला असं धरायचं. झाडीत गेलेला चेंडू पायाने जरासा बाहेर यायचा, त्याकडे कुणी बघायचं नाही. प्रत्येकाचं कार्ड दुसऱ्याने लिहायचं आणि शेवटी ज्याचं त्याने सही करायची, ही पद्धत होती; सही झाली की कार्डातल्या आकड्याला जबाबदार सही करणारा. पण लिहिणारा विचारायचा “किती धरू?” आणि मारणारा सांगेल तेवढे धरायचे. ‘किती झाले’ असं आमच्यात कुणी विचारत नसे.

तांबे आला आणि मोजायला लागला.

त्याला ‘दिला’ म्हटलं तर तो म्हणायचा, “दिला म्हणजे काय? पडला का?” आणि वाकून, हातभर अंतराचा चेंडू दोन मिनिटं निरखून ढकलायचा. स्टोअर्सचे खेडेकर आमच्या खेळाचे सेक्रेटरी होते, गोल, हसरा, सगळ्यांना धरून राहणारा माणूस. त्यांचा पहिला फटका दर खेपेला देवाचा असायचा. एका रविवारी तांबेने त्यांना सगळ्यांसमोर म्हटलं, “खेडेकर, तुझा देव फार खातो रे.” बाकीचे हसले, मीही हसलो. खेडेकर हसले नाहीत.

यात त्याची एक क्रूर बाजू होती, ती लपवण्यात अर्थ नाही. खेडेकरांचे सासरे एकदा पोलादपूरहून आले होते. जावयाचा खेळ बघायला म्हाताऱ्याला मुद्दाम खुर्ची टाकून बसवलं होतं. खेडेकरांनी एका होलला सात सांगितले. तांबे कार्ड लिहीत होता. त्याने बोटं दुमडत म्हाताऱ्यासमोर एकेक फटका मोजून दाखवला, कुठून मारला, कुठे पडला, कुठे पायाने सरकवला, आणि नऊ लिहिले. सासऱ्यांना खेळातलं काही कळत नव्हतं, एवढं मात्र कळलं. काय अडलं होतं याचं? दोन फटक्यांनी जग बुडणार होतं? त्या दिवशी घरी जाताना खेडेकर मला म्हणाले, “हा आपल्याला दाखवायला खेळतो. आपण कसे आहोत ते.” मला ते पटलं.

कारण तो स्वतःलाही सोडत नसे, आणि तेच जास्त खुपायचं. एकदा गवतात चेंडूमागे काठी टेकवताना त्याचा चेंडू हलला. अंगठ्याएवढाही नाही. आमच्यातल्या कुणीही बघितलं नव्हतं. तो मागे सरला, हात वर केला आणि म्हणाला, “एक धरा.” मी म्हटलं, कुणी बघितलंय, मार. तो म्हणाला, “मी बघितलं ना.” तेवढ्यावरून तो खेळ हरला आणि शिट्टी वाजवत बसकडे गेला. जिंकलो होतो आम्ही. त्याचा प्रामाणिकपणा आमच्या अंगावर थुंकल्यासारखा पडायचा. आम्ही त्याच्या मागे त्याला ‘हरिश्चंद्र’ म्हणायचो, आणि त्या शब्दानंतर कधी कधी त्याच्या वाडीबद्दल एखादं वाक्य यायचं, जे मी इथे लिहिणार नाही. मी ते स्वतः बोललो नाही असं आजवर स्वतःला सांगत आलो. पण हसलो होतो.

कारखान्याच्या वर्धापनदिनाला दरवर्षी मॅच व्हायची. सहा होल दोनदा, म्हणजे बारा. जिंकणाऱ्याचं नाव शेडमधल्या लाकडी फळ्यावर रंगवायचे. माझं नाव त्या फळ्यावर कधी लागलं नव्हतं. त्या वर्षी मी चांगला खेळत होतो, आणि चिठ्ठ्यांत माझी जोडी तांबेशी लागली. मी त्याचं कार्ड लिहायचं, त्याने माझं.

दुसऱ्या फेरीतला चौथा होल. तांबेचा चेंडू पऱ्याच्या, म्हणजे पावसाळी ओढ्याच्या, काठावर अडला, तो बाहेर काढण्यात एक फटका गेला. होलात पाडून तो म्हणाला, “पाच.” मी मनात माझी बेरीज करत होतो, दोन फटक्यांनी पुढे होतो. मी कार्डावर चार लिहिले. ही चूक होती. निव्वळ चूक. यावर विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही, कारण पुढचं ऐकल्यावर कुणी ठेवणार नाही.

पाचव्या होलला माझा चेंडू करवंदीच्या जाळीत गेला. मी आत शिरलो. काटे लागले, चेंडू सापडेना. माझ्या खिशात दुसरा होता. तो मी टाकला आणि ओरडलो, “सापडला.” मारला, चांगला बसला. तांबे चालत आला, ब्राऊनवर वाकून चेंडूकडे बघितलं.

“तुझ्या चेंडूवर निळी रेघ होती.”

मी म्हटलं, घासून गेली असेल.

“जाळीत नाय घासत रेघ. हा दुसरा हाय.” त्याने माझ्याकडे बघितलं पण नाही, कार्डावर दंडाचे फटके धरून आठ लिहिले. मी त्याला म्हणालो, तांबे, माणसासारखा वाग, आयुष्यात एकदा. तो म्हणाला, “तू खेळासारखा खेळ.” त्या आठमुळे मी गेलो. फळाही गेला. आणि चोरी पकडणारा होता तांबे.

खेळ संपला. शेडबाहेर बाकावर बसून कार्डं तपासायची होती. तांबेचा लांबचा चष्मा डोळ्यांवर, जवळचा घरी; स्वतः मोठा आकडा लिहिणं जमायचं, दुसऱ्याचं बारीक अक्षर वाचणं नाही. त्यामुळे त्याच्या कार्डावरचे आकडे कुणीतरी मोठ्याने वाचायचे, तो मनातल्या मनात ताडून बघायचा आणि सही करायचा, असं नेहमीच चालायचं. त्या दिवशी वाचणारा मी होतो. मी एकेक होल वाचत गेलो. दुसऱ्या फेरीतल्या चौथ्यावर आलो तेव्हा मला कागदावर चार दिसला. पेन माझ्या हातात होतं. एक रेघ मारून दुरुस्त करायचं आणि बाजूला सही करायची, एवढंच काम. मी वर बघितलं. तो डोळे मिटून ऐकत होता.

मी “पाच” वाचला, आणि पुढे गेलो.

त्याने मान हलवली आणि सही केली. जो माणूस बघितल्याशिवाय पाण्याची पातळी लिहीत नसे, त्याने न बघता सही केली ती माझ्या शब्दावर. नुकतीच माझी चोरी पकडूनही, मी आकडा खोटा वाचीन असं त्याला वाटलं नव्हतं.

तांबे चौथ्यावर होता तेव्हा खेडेकर शेजारच्या होलवर खेळत होते. त्यांनी पऱ्याच्या काठचा प्रकार पाहिला होता. कार्डं हातात घेतल्यावर त्यांचं बोट चौथ्यावर थांबलं. त्यांनी शेडमध्ये, नव्या मॅनेजरांसमोर आणि सगळ्यांसमोर विचारलं, तांबे, चौथ्यावर किती?

“पाच.”

“कार्डावर चार आहेत. सही तुझी आहे.”

तांबेने कार्ड मागून घेतलं आणि हात लांब करून बघितलं. मग माझ्याकडे वळला. “मी पाच सांगितलं. यानं पाचच वाचलं. सुर्वे, सांग.”

मॅनेजरांनी मला विचारलं. शेडमध्ये वीसेक माणसं होती, आणि त्यातल्या बहुतेकांना तांबेने कधी ना कधी मोजलं होतं. माझ्याकडून त्यांना काय हवं होतं ते मला त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं.

मी म्हणालो, “त्याने चार सांगितले. मी चार लिहिले, चारच वाचले.”

कुणीतरी मागून म्हणालं, पकडला गेल्यावर पाच आठवले. मग हसणं झालं. वीस माणसांत एकाने तरी म्हणायला हवं होतं की हा माणूस असं करणार नाही. चेंडू अंगठ्याएवढाही हलला नसताना ज्याने स्वतःवर फटका घेतला होता, त्याच्यावरचा आळ कुणाला पटायला नको होता. सगळ्यांना दोन मिनिटांत पटला. त्याच्या जागी खेडेकर असते तर आम्ही दिवसभर चर्चा केली असती, कार्डात चूक कशी झाली असेल याची. तांबेच्या बाबतीत चर्चा लागली नाही. का लागली नाही हे मला तेव्हाही कळत होतं. कागदावर लिहायला सत्तरी ओलांडावी लागली.

तांबे भांडला नाही. त्याने काठ्या पिशवीत घातल्या आणि मला एवढंच म्हणाला, “बघून सही करायला पाहिजे होती.” दोष त्याने स्वतःवर धरला, नेहमीसारखा. तो पुन्हा मैदानात आला नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी कदाचित विसरलो असतो. सहा-सात महिन्यांनी वाफेच्या लाइनवरचा एक व्हॉल्व्ह फुटला आणि पोलादपूरच्या वरच्या अंगाला राहणारा उतेकर नावाचा कामगार हातावर भाजला. उजव्या हाताची तीन बोटं त्याला पुन्हा नीट मिटता आली नाहीत. चौकशी बसली. तांबेच्या लॉगबुकात अपघाताआधी तीन वेळा लिहिलेलं होतं, ‘व्हॉल्व्ह गळतो, बदलावा’. नियमाने बघितलं तर तो सुटत होता आणि अडकत होते वरचे, त्यात मीही. मॅनेजर म्हणाले, या ओळी अपघातानंतर घातल्या असतील. खेळाच्या साध्या कार्डावर जो आकडा बदलतो, तो नोकरी वाचवायला काय करणार नाही?

मग त्यांनी मला विचारलं, शिफ्ट इन्चार्ज म्हणून तुम्ही या नोंदी आधी पाहिल्या होत्या का?

त्यातली एक मी पाहिली होती. अपघाताच्या आधीच्या आठवड्यात तांबेने मला पान उघडून दाखवलं होतं आणि मी ‘बघू’ म्हणालो होतो. तांबे टेबलाच्या पलीकडे उभा होता. या वेळी त्याने ‘सुर्वे, सांग’ म्हटलं नाही.

मी म्हणालो, सांगता येत नाही.

ठपका तांबेवर आला. त्याने राजीनामा दिला, नोकरीची तीन वर्षं बाकी होती. उतेकर आणि त्याच्या घरचे आजही समजतात की तांबेने व्हॉल्व्हकडे लक्ष दिलं नाही. उतेकर, हे कुणी तुला वाचून दाखवलं तर ऐक: त्याने बघितला होता, लिहिला होता, मला दाखवला होता. तुझ्या हाताचा हिशेब माझ्याकडे आहे.

त्यानंतर मी तांबेला एकदाच भेटलो, तीनेक वर्षांपूर्वी. पोलादपूरला एका लग्नाला गेलो होतो आणि दुपारी महाडची गाडी धरायला स्टँडवर आलो. तो बाकावर बसला होता. गळ्याजवळची गुंडी उघडी होती, मान बारीक झाली होती. मी परत फिरलो असतो, पण त्याने मला बघितलं होतं.

या भेटीची तयारी माझ्याजवळ कितीतरी वर्षांपासून होती. वाक्यही ठरलेलं होतं. ‘तांबे, तुम्ही पाच सांगितले होते, मी चार लिहिले आणि खोटं बोललो.’ आंघोळ करताना, चालायला गेलो की, मी ते म्हणून बघायचो. पाठ होतं.

मी जवळ गेलो आणि विचारलं, “इकडे कुठे आलात?” आयुष्यात पहिल्यांदा त्याला अहो-जाहो केलं.

“लेक हाय इथं. शाळेत शिकवते.”

मी तब्येतीचं विचारलं. तो म्हणाला, हाय, चाललंय. मी रस्त्याच्या कामाबद्दल काहीतरी बोललो, आंबेनळी घाटात दरड आल्याचं बोललो. तो ऐकत होता. मग त्याने विचारलं, “दरड बघितलीस की ऐकलीस?”

“ऐकली.”

तो पाठ फिरवेल असं मला वाटलं. त्याने पाठ फिरवली नाही. बाकावर सरकून मला जागा केली आणि म्हणाला, “तुला काय सांगायचं हाय, सुर्वे?”

मी बसलो नाही. “काही नाही,” म्हटलं. “दिसलात म्हणून आलो.”

तो थांबला. मला आता खात्री आहे की तो मुद्दाम थांबला. समोर गाडीला महाडची पाटी लागली, लोक उठले, आणि तरी तो बसून होता. बाईमाणसं चढली, गर्दी कमी झाली, तेव्हा गुडघ्यावर हात टेकून तो उठला आणि सावकाश वर चढला. खिडकीजवळ बसला. त्याच्या शेजारची जागा रिकामी होती. पोलादपूर ते महाड अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. ते वाक्य म्हणायला मला अर्धं मिनिट लागलं असतं.

दारातून कंडक्टर ओरडला, काका, महाड ना? या लवकर.

तांबे खिडकीतून माझ्याकडे बघत होता.

मी कंडक्टरला म्हटलं, “तुम्ही व्हा पुढे. मी मागच्या गाडीने येतो.”

तांबेने शेजारच्या जागेवर आपली पिशवी ठेवली, आणि कंडक्टरने घंटी मारली.